सहा दिवसांची हजेरी

"हे बघा, सोमवार हजर, मंगळवार हजर, थेट शनिवारपर्यंत हजर." कॉलेजच्या कचेरीतल्या क्लार्क बाईंनी हजेरीपट खिडकीतून फिरवून दाखवला. "एक दिवस बुडवला नाही हो तुमच्या मुलानं. पत्रात आम्ही उगीच नव्हतं लिहिलं."

खिडकीशी वाकलेले गृहस्थ गावाकडच्या शाळेत मास्तर होते. तीस वर्षं त्यांनी स्वतः हजेरी घेतली होती. त्यांनी चष्मा पुसला, सत्तेचाळीस नंबरच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्यांच्या मागे मुलाची बॅग धरून उभ्या असलेल्या पोपटानं मात्र हजेरीपटावरची नजर काढून घेतली. ते सहाही दिवस मुलाचे नव्हतेच, ते पोपटाचे होते.

पोपट हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो म्हणून वर्गानं ठेवलेलं. एकशे वीस पोरांचा वर्ग. सर मान खाली घालून नंबर पुकारणार आणि दांडीबहाद्दरांच्या वतीनं हा मागच्या बाकावरून "येस सर" म्हणणार, कधी घोगरं, कधी नाकातून. एका चहावर काम भागायचं. त्याच्या खोलीत राहणारा सत्तेचाळीस नंबर उंच, किडकिडीत, बोलताना मान पुढे काढायचा, म्हणून तो बगळा. दोघांच्या खोलीला पोरं पिंजरा म्हणत. बगळा मात्र दोन वर्षांत पोपटाचं गिऱ्हाईक कधी झाला नव्हता. मास्तरांचा पोरगा तो. दांडी मारणं त्याला जमायचंच नाही.

आणि मग एका सोमवारी त्याला ताप भरला.

"आपली हजेरी लाव रे तेवढी," तो पांघरुणातून म्हणाला. "तिसऱ्या दिवशी गैरहजर दिसलो की कचेरीतून घरी फोन जातो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय नुकतंच. बाबा तिला तशीच टाकून धावत सुटतील."

पोपटाला त्यात काय जड? त्यानं गोळ्या आणून उशाशी ठेवल्या, पाण्याची बाटली भरली आणि वर्गात जाऊन दोनदा येस सर म्हटलं. मंगळवारी म्हटलं, बुधवारीही म्हटलं. गुरुवारी त्यानं विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का?" बगळा म्हणाला, "नको, उतरतोय." पोपटानं ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं. शनिवारी दुपारी तो खोलीवर आला, तर बगळा त्याला ओळखेना. रविवारी पहाटे हॉस्पिटलात सगळं आटोपलं. "तीन दिवस आधी आणायचं होतंत," एवढंच डॉक्टर बोलले.

त्याला आज सतरा दिवस झाले होते. मास्तर मुलाचा दाखला आणि सामान न्यायला आले होते. दाखल्यावर सही करणारे साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर बसले.

"एक विचारू का रे तुला?" मास्तर म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आठवडाभर आजारी होता. हजेरीपट म्हणतो, रोज वर्गात होता. म्हणजे तापात उठून जायचा तो. होय ना?"

पोपट बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"आदल्या रविवारी फोन केला होता त्यानं. अंग कसकसतंय म्हणाला. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्यानं वर्ग बुडवायचा नाही. झडली का नाही माझी जीभ तेव्हा. तुमच्या कॉलेजचं ते पत्र त्याची आई उशाखाली घेऊन झोपते. शेवटच्या दिवसापर्यंत हजर होता म्हणून. तिला मी अजून सांगितलेलं नाही, की हे माझ्या बोलण्यानं झालं."

समोरच्या फळ्यावर सूचना लावलेली होती: खोटी हजेरी लावणाऱ्याला वर्षाच्या परीक्षेला बसता येणार नाही. पोपटाची नजर तिच्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. गेलेल्या माणसाची हजेरी कोण तपासतंय? तोंड शिवून बसलं की झालं. दाखला मिळेल, मास्तर गाडीत बसतील, आणि त्यांनी न केलेला गुन्हा मरेपर्यंत उरावर घेऊन हिंडतील. पोपट काही फार धीराचा मुलगा नव्हता, पण हे त्याला सोसवेना.

"काका, तो गेलाच नव्हता वर्गात. त्याची हजेरी मी लावत होतो. तिसऱ्या दिवशी कचेरीतून घरी फोन गेला असता म्हणून."

"एकही दिवस गेला नाही?"

"एकही नाही. झोपून होता. दोन पांघरुणं घातली होती, त्याचं न् माझं."

मास्तरांनी डोळे मिटले. सतरा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसा त्यांचा श्वास सुटला. पण तीस वर्षांचा मास्तर तो; पुढचं गणित त्यांना सोडवावंच लागलं.

"फोन तिसऱ्या दिवशी जातो म्हणालास?"

"हो काका."

"म्हणजे बुधवारी."

"हो."

"मी गुरुवारी सकाळी इथं असतो."

पोपटाला रडू कोसळलं. मास्तरांनी त्याला गप्प केलं नाही, की रागावलेही नाहीत. "माझ्या वर्गात पोरगं दोन दिवस दिसलं नाही, तर मी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जातो," एवढंच म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

"बाई, हे सहा दिवस चुकलेत. दुरुस्त करून द्या."

"असू द्या हो काका. आता काय त्याचं? चांगलंच दिसतंय ना."

"तो आजारी होता. वर्गात नव्हता."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग येस सर कोण म्हणत होतं?"

मास्तरांनी नजर हजेरीपटावरच ठेवली. पोपटाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पळायचं तर वाट मोकळी होती.

"मी, मॅडम."

"काय बोलतोयस कळतंय का? वर्ष जाईल तुझं."

"कळतंय."

बाईंनी लाल पेन उचललं, पण हात काही चालेना. शेवटी नियमात बसत नसतानाही त्यांनी ते मास्तरांपुढे केलं. मास्तरांनी एकेका खुणेवर रेघ मारून गैरहजर लिहिलं, प्रत्येकीपुढे बारीक सही केली. मग महिन्याची बेरीज खोडून नवी मांडली. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

"तुझा नंबर किती?"

"एकोणपन्नास, काका."

मास्तरांचं बोट दोन ओळी खाली उतरलं आणि त्याच सहा दिवसांवरून हळूहळू पुढे सरकलं.

"ही हजेरी खरी आहे?"

"खरी, काका. मी रोज जात होतो." एवढं तरी खरं सांगता आलं म्हणून पोपटाला क्षणभर बरं वाटलं.

"म्हणजे दिवसभर त्याच्यापाशी कुणीच नसायचं," मास्तर म्हणाले.

"नाही," पोपट म्हणाला.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि हजेरीपट बाईंकडे सरकवला.