आवाजाचे माप

"आवाज राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला इथं छिद्र ठेवू. पण लवकर केलं तर जीव वाचेल."

"आणि नाही काढलं तर?" निवेदकांनी विचारले.

कोपऱ्यात कागद लावत बसलेल्या नर्सने मान वर केली. तिने आधी दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे. एवढा भरदार आवाज आला कुठून हे तिला कळेना. समोरच्या खुर्चीत तर पाच फूट दोन इंचांचे, गाल आत गेलेले एक गृहस्थ होते आणि त्यांना ती पाऊण तास "काका, जरा सरका" म्हणत होती.

"नाही काढलं तर फार तर वर्ष. आणि आवाज तसाही जाणारच."

"अय्या, तुम्ही दुपारच्या कार्यक्रमातले ना?" नर्सला राहवले नाही. "माझी आई रोज ऐकते. मला वाटलं होतं तुम्ही... म्हणजे..."

"उंच असेन," निवेदक म्हणाले.

ती लाजून पुन्हा कागदांत शिरली.

तिचे काही चुकले नव्हते. चौतीस वर्षे हा माणूस रेडिओवर बोलत होता आणि गेली पंचवीस वर्षे अडीच वाजता श्रोत्यांची पत्रे वाचत होता. घरोघरी लोकांनी त्यांना आपापल्या हौसेने घडवले होते. कोणी सहा फूट केले, कोणी झुपकेदार मिशा लावल्या. एका शिक्षिकेने तर चित्रच काढून पाठवले होते, रुंद कपाळ, रुंद छाती, हनुवटीला खळी. केंद्रावर ते चित्र बरेच दिवस सूचनाफलकावर होते आणि सहकारी त्याच्याखालून जाताना निवेदकांना "काय बारीकराव, मोठे बंधू काय म्हणतात?" असे विचारत. मूर्ती लहान, कीर्ती महान, हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की आता ते ऐकल्यावर त्यांना जांभई येई.

एकदा एका शाळेच्या समारंभात प्रमुख पाहुणे म्हणून गेले, तर फाटकावरच्या माणसाने त्यांना बाजूला उभे केले. "साहेब यायचेत रेडिओचे, वाट मोकळी ठेवा." अशा वेळी निवेदकांचा एकच उपाय असे. ते एक वाक्य बोलत. कोणतेही. 'आज ऊन जरा जास्तच आहे' एवढे म्हटले तरी समोरचा गार पडे आणि पायरी दाखवायला पुढे धावे. लोकांना फसवल्यासारखे त्यांना वाटायचे, पण ओळख पटवायला त्यांच्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

बायकोलाही हा आवाज आधी भेटला होता, माणूस मागून. तिच्या मामाने स्थळ सुचवले तेव्हा तिने फोटोसुद्धा मागितला नाही. रेडिओवरचे ते? मग बघायचे काय त्यात, म्हणाली. लग्नाला आता बत्तीस वर्षे झाली होती. मुलगी सासरी होती. संसारात म्हणावे असे काही उणे नव्हते आणि तरी एक वाक्य निवेदकांच्या मनात रुतून बसले होते. ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली. निवेदकांनी कार्यक्रमाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त सांगून ती पुढे ढकलली. महोत्सव झाला, हार घालून झाले, दुसरी तारीख आली आणि तीही गेली. आवाजाला हल्ली किंचित खरखर आली होती. श्रोत्यांची पत्रे आली, की आपला आवाज अलीकडे फारच हृदयाला भिडतो. निवेदकांनी ती पत्रे घरी नेली नाहीत.

शेवटी दवाखान्यानेच घरी फोन केला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. "दोन तारखा चुकवल्या म्हणे तुम्ही," ती म्हणाली. "कशाच्या हो?"

मग सांगावे लागले. ती अर्धी घडी तशीच हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आणि मला कधी सांगणार होता? मेल्यावर?"

"सांगणार होतो गं."

"अहो, माणसं हात तोडून घेतात, पाय तोडून घेतात जिवासाठी. तुम्हाला आवाजाचं एवढं काय?"

"तो गेला तर माझ्यात राहतं काय?"

"असं काय वेड्यासारखं बोलताय? माणूस राहतो."

"तुला आवडलेला नाही राहत." आणि मग बत्तीस वर्षे गिळलेले ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडले. "लग्नाला पंधरा दिवस झाले होते. तुझी बहीण आली होती. ती म्हणाली, अगं, असा कसा गं हा? तू म्हणालीस, डोळे मिटले की झालं. आणि दोघी हसलात. मी दाराबाहेर चपला काढत होतो."

बायको पलंगावर बसली. निवेदक वाट बघत राहिले. तिने नाही म्हणावे, खोटे का होईना, पण छे, मी कुठे असे म्हणाले, एवढे तरी म्हणावे. पण मन राखायला खोटे बोलणे तिला कधी जमले नव्हते.

"म्हटलं असेन," ती म्हणाली. "वीस वर्षांची होते. म्हटलंच असेन."

"मग?"

"मग काय? उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय. मी पिशवी भरते."

ती उठली आणि पिशवी भरायला लागली. दोन पायजमे, टॉवेल, दाढीचे सामान, एक पाण्याची बाटली. निवेदक तिच्या पाठीकडे बघत राहिले. उत्तर मिळाले नव्हते, आणि पुन्हा विचारायचा धीर त्यांना झाला नाही. तसेच ते ऑपरेशनला गेले.

ऑपरेशन नीट झाले. सगळे नीट झाले असे सगळेच म्हणत होते आणि निवेदकांना त्यावर काही म्हणता येत नव्हते. गळ्यातल्या छिद्रावर बायको रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधी. मुलगी येऊन चार दिवस राहिली आणि जाताना शाळेतल्या मुलांसारखी एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा ठेवून गेली. त्यावर त्यांचे सगळे बोलणे चाले. पाणी. पंखा. नको. एवढा बोलका माणूस, पण लिहायला बसला की दोन शब्दांपुढे जाईना. अडीच वाजता रेडिओ लावायचे बायकोने आपणहून बंद केले. का, हे त्यांनी पाटीवर विचारले नाही. तिला दुसऱ्याचा आवाज सोसत नसेल, की ह्यांचा आठवत असेल, आणि दोन्हींत त्यांना सुख नव्हते.

दीड महिन्याने एका दुपारी दार वाजले. बायकोने उघडले. साठीची एक बाई उभी होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, काखेत कापडी पिशवी.

"सरांचं घर हेच ना? केंद्राच्या फाटकावर पत्ता मिळाला. मी कपडे शिवते. बावीस वर्षं मशीनवर बसून सरांना ऐकतेय. मध्येच बंदच झाले, तर म्हटलं आजारी आहेत की काय."

"या, बसा," बायको म्हणाली.

शिवणाऱ्या बाईने खिडकीशी बसलेल्या निवेदकांना जाता जाता नमस्कार केला, घरात एखादे वडीलधारे बसलेले असतात त्यांना करतात तसा. मग पिशवीतून एक आकाशी शर्ट काढला आणि मांडीवर पसरला. सुरेख शिवला होता. कॉलर ताठ, काजे बारीक, टीप एका रेषेत.

"सरांसाठी," ती म्हणाली. "माप कोण देणार? म्हटलं आवाजावरून घ्यावं. छाती चव्वेचाळीस धरलीय. बाही लांब ठेवलीय, उंच माणसाला आखूड बाही वाईट दिसते. सर आत झोपलेत का?"

त्या शर्टात निवेदक आणि आणखी अर्धे निवेदक सहज मावले असते. त्यांनी पटकन पाटी ओढली, लिहिले आणि बायकोपुढे धरली. 'बाहेरगावी गेलेत म्हण.' बिचारीने बावीस वर्षे जपलेला तो उंच माणूस तिच्याजवळ राहू दे. आणि खरे तर, आता एक वाक्य बोलून तिला गार करायची सोय उरली नव्हती.

बायकोने पाटी वाचली. ती पालथी करून टेबलावर ठेवली.

"हेच ते," ती म्हणाली.

"कोण?"

"सर. हेच. ऑपरेशन झालंय गळ्याचं. आवाज गेला त्यात."

शिवणारी बाई हसली, थट्टा असेल म्हणून. मग तिने रुमालाकडे पाहिले. मग हातांकडे, खांद्यांकडे, पायांकडे. आयुष्यभर माणसे डोळ्यांनी मोजलेली बाई ती, एका नजरेत तिला सगळे आकडे कळले असणार. तिचे हसू गेले. "सर?" ती इतक्या हळू म्हणाली, की हाक मारतेय की विचारतेय ते समजेना. निवेदकांनी हात जोडले. त्यांना जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते.

शर्टाची बाही मांडीवरून घसरून जमिनीला लागली, ती बाईने उचलून घेतली.

"माझं माप चुकलं," शेवटी ती म्हणाली. "उसवून पुन्हा शिवून देते. उभे राहता का जरा?"

पिशवीतून तिने टेप काढली. निवेदक उभे राहिले. ती आकडे सांगू लागली आणि बायकोने पालथी पाटी उचलली, आधीचे पुसले आणि त्यावर लिहू लागली. खांदा साडेपंधरा. छाती चौतीस. बाही एकवीस. टेप गळ्यापाशी आली आणि बाईचा हात थबकला.

"गळा अंदाजानं धरते," ती म्हणाली.

"अंदाजानं नको," बायको म्हणाली. "मोजा."

तिने पुढे होऊन रुमालाची गाठ स्वतः सोडली. निवेदकांनी मान खाली घातली नाही. शिवणाऱ्या बाईने श्वास रोखून टेप भोवती फिरवली. "साडेतेरा," ती म्हणाली आणि बायकोने साडेतेरा लिहिले. मग आकडे एका चिठ्ठीवर उतरवून तिच्या हातात दिले.

"आठवड्यात आणून देते," बाई म्हणाली. चहा तिने घेतला नाही. पायऱ्या उतरताना शर्ट तिने पिशवीत न घालता छातीशी धरला होता.

आठवडा गेला. तीन आठवडे गेले. दार वाजले की निवेदक मान वळवत, आणि दूधवाला किंवा शेजारीण निघे. पाचव्या आठवड्यात त्यांनी पाटीवर लिहिले, 'शर्ट आला नाही.'

बायको भाजी निवडत होती. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचले.

"उसवायला हात धजावला नसेल तिचा," ती म्हणाली. "मन लावून शिवलेला होता." तिने दोन देठ मोडले. "मलाही वेळच लागला होता."

ती काय बोलली हे निवेदकांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पेन्सिल उचलली. अक्षर वेडेवाकडे आले. 'किती?'

आताही ती खोटे बोलली नाही. तिने आठवून पाहिले, मनातल्या मनात कसली तरी वर्षे मोजली.

"अकरा," ती म्हणाली.

ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली. नळ सुरू झाला. निवेदक पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. बत्तिसातून अकरा गेले. एकवीस. त्यांनी तो हिशेब पुन्हा एकदा केला, तरी एकवीसच आले. मग त्यांनी फडके ओले केले आणि पाटी पुसायला घेतली, सावकाश, चारी कोपऱ्यांपर्यंत.