हिरवा टिपका

टिपका तसा सुबकच होता – गोळ्यांच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर, मुगाच्या दाण्याएवढा, हिरवागार – आणि तो आपल्याच हातचा हे जवेरियाने लांबूनही ओळखलं असतं, कारण ब्रश उचलताना तिच्या टिपक्याला एक बारीक शेपटी राहायचीच... खरवडला तर निघेल का, म्हणून तिने नख टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. काय गं हे? पुरावा पुसायला निघालीस?

सुपारीच्या वाड्यांमधून जाणारी वाट उतरत होती, रोज्याने घसा कोरडा पडला होता, आणि ओढणीच्या टोकात बांधलेली नेलपॉलिशची लाल बाटली चालताना कमरेवर आपटत होती. या बाटल्या थोरल्या बहिणीच्या, अनमआपाच्या लग्नातल्या. नखांना लावलं की नमाजाआधीचं हातपाय धुणं, वुजू, होत नाही, म्हणून वर्षभर कपाटात पडून – एक लाल, एक हिरवी. बारावी झाली, पुढे काय याचं उत्तर सापडेना, म्हणून जवेरिया दवाखान्याच्या बाकावर बसायला लागली, म्हाताऱ्या माणसांना गोळ्या समजावून द्यायला. वाचता न येणाऱ्यांसाठी टिपके, ही युक्ती तिचीच. लाल म्हणजे सकाळी, न्याहारीनंतर. रमजान लागला तेव्हा रोजेवाल्या बायकांसाठी डॉक्टरांना विचारून हिरवा सुरू केला – सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली, खजूर खाल्ला, की गोळी. कतारहून मुसअबभाई फोनवर हसायचा, "पगार किती देतात गं नेलपॉलिशवालीला?" हसू दे मेल्याला. त्या बाकावर कुणी तिचं नाव घेऊन विचारायचं, तिची वाट बघत थांबायचं. शाळेच्या बारा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

आणि काल सोनूआजीला दोघींनी धरून दवाखान्यात आणलं. चक्कर. रक्तदाब चढलेला, पोटात अन्नाचा कण नाही. अमिषा सिस्टर ओरडल्या, "अहो आजी, सकाळची गोळी संध्याकाळी का घेता? आणि उपाशी का राहता?" जवेरियाने सिस्टरांच्या हातातलं पाकीट पाहिलं. कोपऱ्यावर हिरवा टिपका. आठ दिवसांपूर्वी गोळ्या दिल्या त्या दिवशी एकामागून एक आठ रोजेवाल्या बायका, सगळ्यांना हिरवा, आणि नववा हात पुढे आला तो रोजे न धरणाऱ्या सोनूआजीचा... हाताने आपला हिरवाच टिपका दिला. सिस्टरांना टिपक्यांची भाषा कळत नव्हती. सोनूआजीने एकदाच जवेरियाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "इसरते गो मी. म्हातारी झाले."

आज सिस्टरांनी जुनं-नवं पाकीट देऊन तिलाच पाठवलं होतं. नीट समजावून ये आजींना, म्हणाल्या. मी समजावणार! चोराच्या हाती तिजोरीची चावी!

सोनूआजी अंगणात वाळत घातलेली सुपारी हाताने परतत होती. हात थांबला नाही.

"आजी, चूक माझी होती."

"म्हाईत हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला काढली आसती तितनं. ती बाय लई रागीट हाय."

जवेरिया सुपारीच्या कडेला खालीच बसली. "पण उपाशी का राहिलात? मी असं कुठे सांगितलं?"

"माज्या म्होरल्या मासूमाला सांगत व्हतीस ना, बांग झाली का खजूर नि मंग गोळी? मला वाटलं, या गोळीचं पथ्य आसंल. खजूर न्हवता घरात, मी केळं खाल्लं." मग जरा घाईने, "पानी पीत व्हते हां. पान्याचं तू कायबी बोलली न्हवतीस."

आठ दिवस. माझ्या एका टिपक्यावर ही बाई आठ दिवस बांगेची वाट बघत उपाशी बसली होती... हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू, आणि जवेरियाने दोन्ही होऊ दिलं. खरं तर तिला भीती वाटली. इतका विश्वास कुणी टाकतं का कुणावर? आणि त्या भीतीच्या तळाशी, लाज वाटावी असा, आनंदही होता.

"रडतेस कशाला? घाल लाल टिपका. आनि ईद कदी हाय? माजे आठ रोजे झाले, शीरखुर्मा हक्काचा."

जवेरियाने हिरव्याच्या शेजारी नवं पाकीट ठेवलं, लाल टिपका दिला, आजीकडून तीनदा म्हणून घेतलं – सकाळी, भाकरीनंतर. ब्रश बाटलीत परत घालताना एक थेंब तिच्या स्वतःच्या करंगळीच्या नखावर पडला.

"सिस्टरला सांगू नको हां," सोनूआजी मागून ओरडली.

वाट चढताना जवेरिया काहीच ठरवत नव्हती. तरी नाक्यावर आल्यावर पाय घराकडे वळले नाहीत. दवाखान्याबाहेर सिस्टरांची स्कूटर उभी होती. सांगितलं तर बाक जाईल कदाचित... नाही सांगितलं, तर उद्या त्याच बाकावर कुठल्या तोंडाने बसू मी? करंगळीवरचा लाल थेंब वाळला होता. मगरिबच्या नमाजाआधी तो खरवडायलाच हवा. बांगेला अजून वीस मिनिटं होती. तोवर राहू दे, तिला वाटलं, आणि ती दवाखान्याची पायरी चढली.