वर्तणुकीचा रकाना

"सर, मी कालेजात असताना काही वाईट केलं होतं का?"

खिडकीच्या जाळीतून हा प्रश्न आला आणि खुशालराव निंभोरकरांनी चष्मा वर सरकवला. अमरावतीच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात टीसीच्या, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या, खिडकीमागे बसून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. लोकांनी तोवर नाना प्रश्न विचारले होते, पण स्वतःच्याच गुन्ह्याची चौकशी करायला कोणी आलं नव्हतं. समोर पंचविशीची मुलगी उभी होती. घामेजलेली, हातात प्लास्टिकची फाईल.

"तू पौर्णिमा न? अंजनगावची?"

"व्हय सर. नर्सिंग केलं मी. बाहेरदेशी दवाखान्यात नोकरी लागून राहिली. ते नोकरी लावनारे अकोल्याच्या ऑफिसात कागद तपासून राहिले. सगळ्या पोरींच्या टीसीवर वर्तनुकीत गुड लिवेल आहे, माह्या एकटीच्या टीसीवर सॅटिस्फॅक्टरी. ते म्हणतात, काही लफडं असल्याबिगर कालेज असं लिवत नाई. उद्या अकरा वाजेपर्यंत कालेजचं पत्र आना, नाईतर फाईल वापस."

खुशालराव चक्क हसले. "अवं, ते तं वरचं आहे! गुडच्या वरचं! त्याहिले इंग्रजी येते का नाई?"

पौर्णिमा हसली नाही. ती त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच खुशालरावांना पहिल्यांदा शंका आली.

"तू बस. पानी पी. मी आलोच," असं म्हणून ते उठले.

त्याचं असं झालं होतं. नोकरीला लागले तेव्हा वर्तणुकीच्या रकान्यात सरसकट 'गुड' लिहायची रीत होती. मारामारी करणाराही गुड आणि बेंचवरून मान वर न करणाराही गुड. खुशालरावांना हे पटेना. पोरांना वर्गात शिकवणारे सर विसरतात, पण खिडकीवर कोण कसं वागलं हे कारकून विसरत नाही. म्हणून त्यांनी छोट्या शब्दकोशात शोधून एक शब्द काढला, सॅटिस्फॅक्टरी. अर्थ दिला होता, समाधानकारक. त्यांची आई पंगतीतून उठताना म्हणायची, समाधान झालं बाप्पा. चांगलं काय, बाजारातलं वांगंही असतं. समाधान कितीजणांकडून मिळतं? तेव्हापासून वर्षाकाठी एखाद-दुसऱ्याच गुणी मुलाला तो शब्द मिळायचा. पौर्णिमेला मिळाला, कारण शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी स्वतःचा फॉर्म देऊन झाल्यावरही ती रांगेतल्या पोरींचे फॉर्म भरत बसली आणि अंजनगावची शेवटची एसटी चुकवून बसली. प्राचार्य गठ्ठ्यावर सह्या करत. रकाने वाचत बसायला त्यांना वेळ नव्हता.

इंग्रजीच्या चारुशीला मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या.

"मॅडम, गुडच्या वर काय असते?"

"व्हेरी गुड. मग एक्सलंट. का हो?"

"आन सॅटिस्फॅक्टरी?"

"ते खाली आलं. म्हणजे वाईट नाही, पण चालवून घेण्यासारखं. तक्रार नाही, एवढंच."

"पन त्याचा अर्थ समाधानकारकच होते न?"

"अर्थ तोच. पण आपल्याकडे समाधान केवढं मोठं! तिकडे ते काठावर पास." मॅडमचा लाल पेन थांबला. "खुशालराव, कुठे लिहिलंत तुम्ही?"

खुशालराव तडक बाहेर पडले. रेकॉर्डरूममध्ये जाऊन त्यांनी टीसीच्या स्थळप्रतींची, म्हणजे कार्यालयात ठेवायच्या नकलांची, पुस्तकं काढली. प्रत्येक पुस्तकात त्यांचं वळणदार अक्षर होतं आणि मधूनच तो लांबलचक शब्द, इतरांपेक्षा जरा जास्तच निगुतीनं काढलेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. यांचे मारुती एकेचाळीस झाले होते. यातल्या किती जणांना कुठल्या टेबलावर कोणी काय विचारलं असेल? किती जण खिडकीवर येऊन विचारायलाही लाजले असतील? एकोणिसावं नाव विपुल खुशालराव निंभोरकर असं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा. ते नाव वाचून ते तिथंच स्टुलावर बसले.

विपुलनं चार वर्षं नोकरभरतीच्या फेऱ्या केल्या होत्या. लेखी परीक्षेत नाव यायचं, मुलाखतीत गळायचं. आता त्याचं बडनेऱ्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

प्राचार्य चार वाजता मीटिंगहून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"नजरचूक म्हणा. एका ओळीत काम भागेल. तुमच्या रिटायरमेंटला आठच दिवस राहिलेत, खुशालराव."

"नजरचूक म्हटलं तं ते म्हणतीन, पोरीनं कालेज मॅनेज केलं. आन नजरचूक एखाद्या डाव होते सर. हे एकेचाळीस डाव झालं."

"हे कोणाला माहीत आहे?"

"मले."

प्राचार्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कोणी तक्रार केली तर चौकशी लागेल. पेन्शनचे कागद अडकतील. नीट विचार करा."

खुशालरावांनी विचार केला, आणि त्यांना भीती वाटली. एकतीस वर्षं इंग्रजी टीसी लिहिणाऱ्या कारकुनाला इंग्रजी येत नव्हतं, हे सगळ्या अमरावतीला कळणार. निरोप समारंभात लोक हार घालतील आणि तोंड फिरवून हसतील. पण खिडकीशी ती मुलगी घड्याळाकडे पाहत बसली होती, आणि साडेपाचची एसटी कोणासाठी थांबत नसते.

त्यांनी कागद घेतला. 'मी, खुशालराव निंभोरकर, लिपिक, लिहून देतो की सदर शब्दाचा अर्थ मला चुकीचा माहीत होता. गुडपेक्षा हा शब्द वरचा आहे असे मी समजत होतो. कु. पौर्णिमा हिची वर्तणूक उत्तम होती, म्हणूनच मी तो लिहिला. चूक तिची नाही, माझी आहे.' चारुशीला मॅडमनी खाली इंग्रजी करून दिलं. प्राचार्यांनी या वेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली.

पौर्णिमेनं पत्र वाचलं. तिचे डोळे भरून आले. "सर, असं नोका लिवू. लोक हासतीन तुमाले."

"हासू दे. तू एसटी पकड."

ती गेल्यावर खुशालरावांनी उरलेल्या चाळीस नावांची यादी केली. आठ दिवसांत चाळीस पत्रं, रोज पाच. पत्ते जुने होते, काही गावं धरणाखाली गेली होती. तरी त्यांनी त्याच संध्याकाळी पहिलं पत्र लिहिलं, सही-शिक्का घेतला आणि पत्र टपालात न टाकता ते बडनेऱ्याच्या ऑटोत बसले.

विपुल दिव्याखाली मान घालून कोणाचा तरी मोबाईल उघडत होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं.

"बाबा, तुमी इकडं कसे?"

"तुले मुलाखतीत टीसीवरून कोनी इचारलं होतं का रे?"

विपुलचा हात जरासा थांबला. "इचारलं होतं. दोन जागी."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू?" त्यानं मान वर केली नाही. "टीसी तं तुमीच लिवली होती. मले वाटलं, तुमाले मी तेवढाच वाटतो."

इतकी वर्षं हा पोरगा खुशालरावांच्या समोर बसून जेवला, त्यांच्या औषधाच्या गोळ्या आणत राहिला, आणि मनात हे घेऊन फिरला. त्यांनी खिशातलं पत्र काढून काउंटरवर ठेवलं.

विपुलनं हात पुसले. पत्र उलगडलं. वाचता वाचता तो एका जागी थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला.

"झाला का भाऊ मोबाईल?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"थांबा न जरा," विपुल म्हणाला, आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचू लागला.