औक्षणाच्या वेळचा फोन

नंदाच्या यशोधनला नॅशनल सर्व्हिसचं, म्हणजे सक्तीच्या लष्करी शिक्षणाचं, बोलावणं आलं आणि सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये पोरगा पानिपतावर निघाल्यासारखी तयारी सुरू झाली. तो दर शनिवारी मळके कपडे घेऊन घरी येणार होता, पण हौसेला मोल नसतं. पाहुणे, पेढे, फेटासुद्धा.

"आई, जस्ट ट्रेनिंग लाह," तो फेट्याखालून सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरला.

घरकामाला राहणारी सांडार म्यानमारची. तिथे यादवी युद्ध पेटलेलं. तिचा थोरला भाऊ बंडखोरांना मिळालेला. धाकट्या मिनला लष्कराने सक्तीच्या भरतीसाठी बसमधून उतरवून नेलेलं. त्याचा पत्ता लागत नव्हता, म्हणून ती फोन सतत जवळ बाळगायची. नंदाला हे सगळं ठाऊक होतं. तरी पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून त्या दिवशी तिने तो फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला.

औक्षणाचं तबक घ्यायला नंदा स्वयंपाकघरात आली आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. सांडार बाहेर सरबत देत होती. एक हाक पुरली असती. नंदाने फोन कट केला आणि लेकाला ओवाळायला गेली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

दुसऱ्या दिवशी सांडारचे डोळे सुजलेले. त्या नंबरवर तिने फोन केला, तेव्हा फोनच्या मालकाने सांगितलं. आघाडीवर धाडण्याआधी मिनने त्याचा फोन मागून घेतला होता. थोरला कुठे लढतोय, एवढंच त्याला बहिणीला विचारायचं होतं. त्या बाजूला गोळी झाडायची नव्हती.

"माय फॉल्ट, मॅम. आय नेव्हर हिअर," सांडार म्हणाली.

नंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सांडारने मिनचा फोटो काढून फोन तिच्यासमोर धरला. "मॅम, यू डू फॉर हिम? सेम लाइक यशोधन?"

नंदाने निरांजन लावलं. कुंकवाचं बोट काचेपर्यंत नेलं आणि ती तिथेच थांबली.

"सांडार, इट्स नॉट युअर फॉल्ट. आय कट द कॉल." मग तिला इंग्रजी सुचेना. "मी कट केला गं. मीच."

सांडारने तिच्याकडे पाहिलं. फोन धरलेला हात तिने खाली घेतला नाही.

"फर्स्ट फिनिश, मॅम," ती म्हणाली.

नंदा ओवाळू लागली. फोटोतल्या पोराकडे बघायची तिची छाती झाली नाही.