अनुसयाबाईचे कोपर

मी एक जुने इनॅमलचे तसराळे आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कारखान्यात माझ्या पत्र्यावर पांढरा लेप भाजून बसवला, तेव्हा वाटले होते, एखाद्या बंगल्यात माझ्यात फळे ठेवतील. पण १९५९ साली मी बालाघाटजवळच्या एका ख्रिस्ती कुष्ठधामात आले आणि माझ्यात पडले ते पाय. भेगाळलेले, बोटे झिजलेले, जखमांचे पाय.

पायांची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती पाहुण्यांची. नाकाला रुमाल लावून यायचे, दुरून केळी टाकायचे, "सोसा, दुःख ही देवाची देणगी आहे," असे सांगून जीपकडे वळायचे.

एकदा रामपायलीकडच्या अनुसयाबाईने विचारलेच, "एवढी बेस देणगी, तं तुमच्या घरी काहून नाही धाडली देवानं?"

तिच्या नवऱ्याने तिला फाटकाशी उतरवून बैलगाडी माघारी वळवली होती. वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. मग एका प्रार्थनेत तिने ऐकले, की मरणातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि ते त्याने शिष्यांना दाखवले.

"त्यानं घाव लपवले नाही," ती म्हणाली. "मंग मी काहून लपवू?"

दुसऱ्या दिवशी तिने मला उचलले. या रोगात कातडीची जाणीव मरते. खिळा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. अनुसयाबाईचे तळहात असेच मेलेले होते, पण कोपर जिवंत होते. रोज दुपारी ती माझ्यात कोपर बुडवून पाणी पारखी आणि मगच एकेकाचे पाय भिजवून तळवे तपासी.

"एवढं कोपर देवानं ठेवलं ते कामासाठीच," ती म्हणे.

महागू नावाच्या म्हाताऱ्याची जखम तिने आठ महिने जपून भरत आणली होती. डॉक्टरांनी बजावले होते, की पुन्हा चिघळली तर पाय कापावा लागेल.

१९६४ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी गावातल्या चर्चचे पाळकसाहेब रोग्यांचे पाय धुवायला आले. येशूने शिष्यांचे धुतले, तसे. विधीसाठी तेही अनवाणी होते. प्रेमाच्या भरात त्यांनी चुलीवरचे पाणी तसेच माझ्यात ओतवले. माझी कड तापून निघाली.

"पाणी बरं आहे ना, बाबा?"

"हौ साहेब, बेस हाय," महागू म्हणाला आणि पाण्यात घालायला पाय उचलला. मोठ्या माणसाने विचारले की हे सगळे 'बेस' म्हणतात. त्या मेलेल्या पायाला काय कळणार होते, कपाळ!

अनुसयाबाईने वाफ पाहिली. धावत येऊन कोपर बुडवले आणि त्याच कोपराने मला उलथून टाकले. पाण्याचे शिंतोडे पाळकसाहेबांच्या पायांवर उडाले. ते किंचाळले. त्यांच्या पायांना जाणीव होती ना!

"काऊन सांडलं वं? मले तं मस्त वाटलं असतं," महागू कुरकुरला.

"तुले चुलीतबी मस्तच वाटन, भाऊ! पाय वाचला तुहा."

पाळकसाहेबांनी मला उचलून सरळ केले. मग त्यांनी बाही वर सारली. "किती कोमट, ते दाखवा बाई."

त्या दिवशी माझा टवका उडाला. तो डाग मला लेपापेक्षा प्रिय आहे. महागू शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालला. आता मी विहिरीमागे पडून आहे, शेळ्या माझ्यात पाणी पितात. माझी कीव करू नका, मित्रांनो. तुमची कीव मला नको आहे. कोणाचे दुःख धुवायला निघालात, तर आधी स्वतःचे कोपर बुडवा.