हातातलं खाली ठेव

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पालम गावाच्या बाजूच्या दलित वस्त्या पेटू लागल्या. सरजाबाईच्या वस्तीवर माणसं आली ती दिवेलागणीला. हातात काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. पहिलं छप्पर पेटलं तेव्हा तिच्या तव्यावर भाकरी होती.

तिच्या घरात रोज याच वेळेला येशूची प्रार्थना होई. त्या घराचा एक दंडक होता. ती "देवा बापा" म्हणाली, की ज्याच्या हातात जे असेल ते त्यानं खाली ठेवायचं. खुरपं असो की घास. आपल्या हातात काही नाही, सगळं त्याच्या हातात आहे, एवढंच ती सांगे. तिचा लेक शमुवेल रांगत होता तेव्हापासून हे पाळत आला होता.

आज मात्र तो ओरडला, "माय, प्रार्थना ऱ्हाऊ दे! घरं जाळायलेत ते! ज्वारीत पळ!"

कुऱ्हाड घेऊन तो बाहेर झेपावला. गावातला दत्तराव शेजारच्या म्हाताऱ्या बायनाबाईला केसांना धरून फरफटत होता. शमुवेलनं कुऱ्हाडीचा दांडा आधी त्याच्या तोंडावर हाणला, मग गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज झाला. दत्तराव चिखलात कोसळला आणि बायनाबाई सुटून पळाली.

"येशूवाल्या," तो रक्त थुंकत म्हणाला, "तुझ्या मायला घरात कोंडून जित्ती जाळतो का न्हाई बघ!"

शमुवेलनं हातातली कुऱ्हाड उलटी केली. पातं खाली करून डोक्यावर उचलली.

सरजाबाई दारातून बघत होती. धावून पोचायला वेळ नव्हता. "थांब" म्हटलं तर तो थांबणार नव्हता. लेक तिच्या डोळ्यांदेखत खुनी होणार होता. तिनं डोळे मिटले आणि रोजच्याच आवाजात सुरुवात केली, "देवा बापा, आजचा दिवस तू दिलास..."

कुऱ्हाड वरच थबकली.  मग शमुवेल वाकला आणि त्यानं ती जमिनीवर ठेवली.

दत्तरावला हा दंडक कुठून ठाऊक असणार? समोर आलेली कुऱ्हाड त्यानं झडप घालून उचलली आणि बसल्या जागेवरून चालवली. शमुवेलचा डावा हात कोपराखाली तुटून कातड्यावर लोंबकळला.

किंकाळी ऐकून सरजाबाईनं डोळे उघडले. धावत जाऊन तिनं दत्तरावच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, कुऱ्हाड हिसकावली आणि पेटत्या छपरात भिरकावली. लेकाला ओढत ती ज्वारीत शिरली. मागं तिचं घर धडधडून पेटलं. "मला उचला रे!" असं दत्तराव सोबत्यांना ओरडून सांगत होता.

तिनं लुगडं फाडून हात करकचून बांधला.

"माय," शमुवेल दात आवळून म्हणाला, "तू गप ऱ्हायली असतीस तर माझा हात वाचला असता."

"वाचला असता."

"मग तुझ्या देवानं काय केलं?"

"मला न्हाई ठावं, लेकरा. तुझ्या हातून खून होऊ ने, येवढंच मागायला सवड व्हती. ते त्यानं दिलं."

दत्तरावचं ओरडणं अजून ऐकू येत होतं. शमुवेल ते ऐकत पडून राहिला.

"उद्यापून मी प्रार्थनेला बसणार न्हाई."

"बरं. मी म्हणीन तुझ्या वाटची. तू आधी जग."

तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि धुरातून पालमच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली.