खरं वजन सांगणारा काटा

मित्रांनो, माझ्यावर उभं राहिलं की माणसं श्वास रोखून धरतात. त्याने वजन कमी होत नाही, हे चाळीस वर्षांत कुणालाच पटलं नाही. मी डेन्मार्कच्या स्वेनबोर्ग गावातल्या एका घरातला जुना वजनकाटा आहे. माझी तबकडी पिवळी पडली आहे आणि स्प्रिंग थकली आहे.

प्रेबेन आणि टोवे यांच्या लग्नात एका खट्याळ आत्याने मला भेट दिलं, तेव्हा सगळे हसले होते. पण मुलगी झाल्यावर माझा मान वाढला. टोवे बाळाला घेऊन उभी राहायची, मग एकटी, आणि वजाबाकी करून आनंदाने ओरडायची. पुढे बाळ मोठं झालं आणि मी न्हाणीघरात नुसता पडून राहिलो. फक्त दर जानेवारीत माझी आठवण व्हायची, तीही शिव्या द्यायला.

गेल्या डिसेंबरची गोष्ट सांगतो. प्रेबेनने आयुष्यभर बस चालवली होती. त्याचा गुडघा पार झिजला होता आणि वर्षभर थांबून ऑपरेशनची तारीख मिळाली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की वजन शंभर किलोंच्या आत हवं आणि रक्तातली साखर आटोक्यात हवी, नाहीतर तारीख गेली. इकडे टोवेने नेहमीप्रमाणे नाताळची सात प्रकारची बिस्किटं भाजायला घेतली. रोज एक नवा डबा भरायचा आणि रोज घरभर लोणी-दालचिनीचा वास सुटायचा.

प्रेबेन रोज सकाळी माझ्यावर चढायचा आणि एक हात बेसिनवर दाबून धरायचा. मी अठ्ठ्याण्णव दाखवायचो. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही, पण माझ्याकडून खोटं वदवून घेतलं जात होतं आणि त्याचाच मला जास्त शीण येत होता.

एका सकाळी टोवे टॉवेल ठेवायला आत आली.

"प्रेबेन, हात काढ."

"कुठला हात?"

"बेसिनवरचा. काढ म्हणते ना!"

त्याने हात काढला. माझा काटा एकशे एकवर गेला.

"काटा म्हातारा झालाय," तो पुटपुटला.

"म्हातारा असेल, पण तुझ्यासारखा लबाड नाहीये. ऑपरेशन नको झालंय का तुला?"

प्रेबेन टबच्या कडेवर बसला. गुडघा चोळत म्हणाला, "तू ताटली पुढे करतेस ना, तेव्हा मला नाही म्हणवत नाही. लगेच तोंड उतरतं तुझं."

"माझं? अरे, तुला आवडतं म्हणून मी सकाळी पाचला उठून पीठ मळते! खांदे गळून जातात माझे."

"मला त्यातली दोनच आवडतात."

"काय? आणि सात सात प्रकार कुणासाठी करतेय मी चाळीस वर्षं?"

मग टोवे हसली, पण ते थकलेलं हसू होतं. तशीच ती त्याच्याशेजारी टेकली.

त्या दिवशी पाच डबे शेजारच्या बोडिलकडे गेले. उरलेले दोन टोवेने वरच्या फळीवर ठेवले. जेवणानंतर टेबलाशी बसून, बिनसाखरेच्या कॉफीबरोबर, फक्त दोन बिस्किटं खायची असं ठरलं. दुपारी चारला प्रेबेनला गोडाची तलफ यायची. मग दोघं काठी टेकत, कुरकुरत बंदरापर्यंत जाऊन यायची. कुणाकडे बोलावणं असलं की तो आधी घरीच राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासा खाऊन निघायचा, म्हणजे तिथे उपाशीपोटी ताटावर तुटून पडायला नको. तरी एकदा बोडिलकडे त्याने बदाम-साखरेच्या गोळ्यातून घडवलेलं नाताळच्या मिठाईचं अख्खं डुक्कर फस्त केलं. पण घरी येऊन आपणहून सांगितलं. टोवे म्हणाली, "झालं ते झालं. उद्या थोडं जास्त चालू या." नाताळच्या जेवणात त्याने एक लहान वाटी दूधभात चेरीच्या रसाबरोबर खाल्ला, चवीने, आणि कुणाची चोरी न ठेवता.

दोन जानेवारीला मी साडेनव्याण्णव दाखवले. साखरही उतरली होती, जेमतेम. ऑपरेशन झालं.

मुलीने मग घरात काचेचा नवा काटा आणला आणि मला गॅरेजमध्ये ठेवलं. मला राग नाही. इतकी वर्षं लोकांचं ओझं पेलल्यावर विसावा हवासाच वाटतो.

फक्त एवढंच मागणं आहे, मित्रांनो. सणात कुणी "नको" म्हणालं, तर त्याला आग्रह करू नका, त्याचं ऐका. आणि कुणाला फक्त तुमचं मन राखायला "हो" म्हणावं लागत असेल, तर तेही ओळखा. जमलंच, तर गॅरेजमध्ये येऊन माझ्यावरचा रंगाचा डबा उचला. तो साडेबारा किलोंचा आहे. कुणी विचारत नसलं, तरी मी अजून बरोबर सांगतो.